तिसरं वाक्य

मार्च २०१५ मधला शनिवार. दुपारी तीनला सामना होता, म्हणून सकाळीच बाजारहाट उरकून मी चहा टाकला होता. प्रेस्टनमधलं आमचं घर अगदी रस्त्याला लागून आहे. पोस्टमन रोज दाराच्या फटीतून पत्रं आत ढकलतो आणि पुढे जातो. त्या दिवशी त्याने घंटी वाजवली, सही घेतली आणि एक जाड पांढरा लिफाफा हातात ठेवला. बायकोला वाटलं, व्हिसाचं काहीतरी असणार. परदेशात राहणाऱ्याच्या पोटात असा लिफाफा बघून पहिला गोळा त्याच भीतीने येतो.

व्हिसाचं काही नव्हतं. वकिलांच्या एका फर्मची पाच पानी नोटीस होती. आमचे अशील हे अमुक फुटबॉल क्लबचे चेअरमन असून आपण फेसबुकवर अमुक तारखेस लिहिलेल्या मजकुरामुळे त्यांच्या लौकिकास गंभीर हानी पोहोचली आहे. सबब तो मजकूर ताबडतोब काढावा, सोबतच्या मसुद्याप्रमाणे जाहीर माफी मागावी, यापुढे क्लबच्या आर्थिक व्यवहारांबद्दल काहीही लिहिणार नाही अशी लेखी हमी द्यावी, नुकसानभरपाई आणि वकिलाचा खर्च द्यावा. मुदत चौदा दिवस.

मी ती नोटीस स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच तीनदा वाचली. पातेल्यातला चहा उतू गेला तेव्हा बायकोनेच गॅस बंद केला.

क्लबचं नाव मी लिहीत नाही. लँकशरमधल्या एका लहान गावाचा तो क्लब, व्यावसायिक लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवरचा. सामन्याला तीनशे-चारशे माणसं आली तर गर्दी झाली म्हणायचं. एका बाजूला पत्र्याचं छप्पर, दुसरीकडे नुसता कठडा, कोपऱ्यात चहाची टपरी. २०११ पासून मी दर पंधरा दिवसांनी तिथे जात होतो. मोठ्या क्लबांची तिकिटं मला परवडणारी नव्हती, पण खरं कारण ते नव्हे. त्या कठड्याला रेलून उभं राहिलं की मला कोल्हापुरात असल्यासारखं वाटायचं.

मी शिवाजी पेठेत वाढलो. कोल्हापुरात फुटबॉल पेठेचा आणि तालमीचा असतो. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियमच्या आसपासच्या दुकानदारांनाही खेळाडूंची नावं पाठ असतात. आमचे आबा आमच्या तालमीच्या संघाचे इतके वेडे, की पाहुणे घरात बसलेले असतानाही सामन्याची वेळ झाली की टोपी घालून निघायचे. खेळाडूंचे बूट, बाहेरगावच्या खेळाडूंची राहण्या-जेवणाची सोय, हे सगळं वर्गणीतून व्हायचं. आणि वर्गणी दिली की हिशोब मागायचा, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नव्हतं. मला चांगलं आठवतं, तालमीच्या कट्ट्यावर आबा भर बैठकीत उठून म्हणाले होते, "आरं कारभारी, वर्गणीला दारात येताय, मग हिशोबाला कुठं जाताय?" कारभारी तापले, आबाही तापले, चार लोकांनी मध्ये पडून दोघांना बसवलं. दुसऱ्या दिवशी वही उघडली गेली. कोल्हापूरचा फुटबॉल मी सजवून सांगत नाही, तिथे मारामाऱ्याही पाहिल्यात आणि मैदानात दगड पडलेलेही पाहिलेत. पण हिशोब मागणाऱ्याला परका कुणी म्हणत नव्हतं. तो घरचा आहे म्हणूनच मागतोय, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

इंग्लंडमध्ये बहुतेक क्लब म्हणजे कंपन्या. चाहता तिकीट घेतो, मफलर घेतो, आजोबांपासून चालत आलेली जागा धरून बसतो, पण कागदावर तो गिऱ्हाईक असतो. क्लब कुणी विकत घ्यावा यात त्याला विचारत नाहीत. मी महाराष्ट्राचा म्हटल्यावर ऑफिसातले लोक मला पहिला प्रश्न ब्लॅकबर्नचाच विचारायचे. प्रेस्टनपासून जवळच ते गाव. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये घेतला, २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला, आणि घसरण पक्की झाली त्या विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी मैदानात जिवंत कोंबडी सोडली. मालकांनी पुढे वर्षानुवर्षं त्या क्लबात पैसा ओतला, हेही खरं. पण माझा शेजारच्या टेबलावरचा सहकारी, जन्मापासूनचा ब्लॅकबर्नवाला, एकच विचारायचा, "तुमच्याकडे पुण्यात जाऊन कुणाला भेटायचं असतं, सांग ना." राग त्याला होताच, पण त्याहून जास्त त्याला दार सापडत नव्हतं. कुणाला विचारायचं, हेच त्याला कळत नव्हतं.

मी पेशाने हिशोबनीस. एका मालवाहतूक कंपनीचं येणं-देणं सांभाळतो. ताळेबंद दिसला की वाचायचा, ही सवय. ब्रिटनमध्ये प्रत्येक कंपनीला आपले हिशोब कंपनीज हाऊस नावाच्या सरकारी नोंदणी कार्यालयात दाखल करावे लागतात आणि ते कुणालाही बघता येतात. तेव्हा एका कागदाला एक पौंड पडायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये आमच्या क्लबने तिकीट वाढवलं, युवा संघ बंद केला आणि पैसे नाहीत असं सांगितलं. मी एक पौंड भरून ताळेबंद उतरवला.

लहान कंपनीचा ताळेबंद दोन-तीन पानांचा असतो. त्यात फार काही सांगायचं बंधन नसतं. पण 'येणे' या ओळीपाशी मी थांबलो. आदल्या वर्षी अठरा हजार पौंड होते, यंदा चौसष्ट हजार. खाली बारीक अक्षरात टीप होती, की यातला मोठा भाग एका संबंधित कंपनीकडून येणे आहे. म्हणजे क्लबकडे युवा संघाच्या बसला पैसे नव्हते आणि त्याच वर्षी क्लबचे हजारो पौंड दुसऱ्या कंपनीकडे गेले होते. त्या रात्री मी क्लबच्या चाहत्यांच्या फेसबुक पानावर तीन वाक्यं लिहिली. पहिल्यात हे आकडे दिले. दुसऱ्यात विचारलं, ही कंपनी कोणाची, पैसे कशासाठी दिले आणि परत कधी येणार? इथे थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण युवा संघात माझा मुलगा खेळत होता. बारा वर्षांचा. त्याचे बूट दारामागे तसेच चिखलाने भरलेले पडले होते आणि ते डोळ्यासमोर होते. तिसरं वाक्य मी लिहिलं, ते मराठीत असं होईल : चेअरमननी क्लबचा पैसा घरी नेला.

नोटिशीत पहिल्या दोन वाक्यांचा उल्लेखही नव्हता. पाचही पानं तिसऱ्या वाक्याभोवती फिरत होती.

त्या दुपारी मी सामन्याला गेलो नाही. संध्याकाळी दार वाजलं. कठड्यावर माझ्या शेजारी उभे राहणारे आजोबा आले होते, मी आलो नाही म्हणून चौकशी करायला. सत्तरीचे, आयुष्यभर ब्लॅकपूलच्या बसगाड्या दुरुस्त केलेले. ते मुळातले ब्लॅकपूलवाले. त्यांच्या वडिलांनी १९५३ चा एफए कपचा अंतिम सामना वेम्बलीत पाहिला होता, ३-१ ने मागे पडून ब्लॅकपूलने ४-३ असा जिंकलेला. तो सामना स्टॅन्ली मॅथ्यूजच्या नावाने ओळखला जातो, पण तीन गोल मॉर्टेन्सनचे होते, हे आजोबांनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यांनी ब्लॅकपूलचं सीझन तिकीट सोडलं. मालक बदलेपर्यंत एक पैसाही द्यायचा नाही, असं तिथल्या हजारो चाहत्यांनी पुढे ठरवलं, त्यातले हे पहिल्या फळीतले. फुटबॉलशिवाय शनिवार जाईना, म्हणून आमच्या लहान क्लबकडे यायला लागले होते.

त्यांनी चष्मा लावून नोटीस वाचली. पुन्हा घडी घातली. "पोरा," ते म्हणाले, "ब्लॅकपूलमध्ये असे लिफाफे पुष्कळ घरांत पडलेत."

मला ती हकीकत तोवर वरवर माहीत होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती नीट सांगितली. मे २०१० मध्ये वेम्बलीवर कार्डिफला ३-२ ने हरवून ब्लॅकपूल प्रीमियर लीगमध्ये गेलं. एवढ्याशा क्लबला एका हंगामात टीव्हीचे कोट्यवधी पौंड मिळाले. वर्षभरात संघ पुन्हा खाली आला. आणि मग हिशोब बाहेर आले. मालक ओवेन ऑयस्टन यांच्या एका कंपनीला त्या एका वर्षात १ कोटी १० लाख पौंड दिले गेले होते. मैदान मात्र तसंच, सरावाची जागा तशीच, आणि २०१४ चा हंगाम तोंडावर आला तेव्हा करारावर जेमतेम आठ-नऊ खेळाडू. लोक बोलायला लागले. बोलता बोलता काहींची लेखणी माझ्यासारखीच एक वाक्य पुढे गेली. मग मालक कुटुंबाकडून दावे. एका ६७ वर्षांच्या निवृत्त चाहत्याला फेसबुकवरच्या मजकुरापायी २०१५ मध्ये जाहीर माफी मागून २० हजार पौंड कबूल करावे लागले. आणखीही काही जणांवर दावे झाले.

आणि दुसरी बाजूही त्यांनीच सांगितली. क्लबचे चेअरमन कार्ल ऑयस्टन यांनी एका चाहत्याला मोबाइलवरून अतिशय घाणेरडे संदेश पाठवले होते. फुटबॉल असोसिएशनने पुढे त्यांना सहा आठवड्यांची बंदी आणि ४० हजार पौंड दंड केला. आजोबा म्हणाले, "त्यांनी शिवी दिली तर प्रकरण खेळाच्या समितीपुढे. आम्ही चुकीचं बोललो तर हायकोर्टात." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

सोमवारी मी एका सॉलिसिटरबाईंकडे गेलो. त्यांच्याकडे पहिला अर्धा तास फुकट होता. त्यांनी माझी तीन वाक्यं एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहून काढली आणि प्रत्येकापुढे पेनने खूण केली. पहिल्यापुढे लिहिलं : खरं, आणि कागद हातात आहे. दुसऱ्यापुढे : प्रश्न. तिसऱ्यापुढे त्यांनी पेन टेकवलं आणि मला विचारलं, "हे तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, दुसरा अर्थच काय असू शकतो?

"मी ते नाही विचारलं. माहीत आहे का?"

माहीत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की पैसे दुसऱ्या कंपनीकडे गेले होते. ते कुणाच्या घरी गेले, हे मी माझ्या रागातून लिहिलं होतं.

इंग्लंडचा कायदा मला त्या अर्ध्या तासात जेवढा कळला तेवढा आठ वर्षांत कळला नव्हता. २०१३ चा बदनामीचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला होता. त्याने दावा करणाऱ्यावर एक अट घातली, की लौकिकाला गंभीर हानी झाली किंवा होण्याची शक्यता आहे, हे त्याने दाखवलं पाहिजे. धंदा करणाऱ्या कंपनीला तर गंभीर आर्थिक नुकसान दाखवावं लागतं. म्हणून असल्या प्रकरणांत क्लब मागे राहतो आणि चेअरमन स्वतःच्या नावाने पुढे येतो, जसं आमच्याकडे झालं. लिहिणाऱ्यासाठी बचाव आहेत : लिहिलं ते खरं आहे, किंवा खऱ्या गोष्टींवर आधारलेलं प्रामाणिक मत आहे, किंवा सार्वजनिक हिताचं आहे. पण खरं आहे असं म्हणायचं, तर ते सिद्ध करण्याचं ओझं लिहिणाऱ्यावर. आणि या दाव्यांना सरकारी कायदेशीर मदत मिळत नाही.

त्यांनी मला २००७ चं शेफील्ड वेन्सडे क्लबचं प्रकरणही सांगितलं. त्या क्लबने आणि त्याच्या संचालकांनी कोर्टाकडे मागणी केली होती, की टोपणनावाने आमच्यावर लिहिणाऱ्या चाहत्यांची खरी नावं आम्हाला मिळावीत. न्यायाधीशांनी एकेक मजकूर वेगळा वाचला. ज्यांत नुसती दारूच्या गुत्त्यात चालते तसली कुरकूर, शिवीगाळ किंवा थट्टा होती, त्यांची नावं द्यायला त्यांनी नकार दिला. ज्यांत संचालकांवर अप्रामाणिकपणाचा आरोप होता, तेवढ्यांचीच नावं द्यायला सांगितलं. "तुमची पहिली दोन वाक्यं कुणीही कुठेही लिहावीत," सॉलिसिटरबाई म्हणाल्या. "तिसरं काढा."

मग मी विचारलं, लढायचं म्हटलं तर? त्यांनी आकडा सांगितला. माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढा. आणि जिंकलो तरी सगळा खर्च परत मिळत नाही, हेही सांगितलं. तिथून बाहेर पडून मी बसथांब्यावर किती तरी वेळ उभा होतो. चूक एका वाक्याची होती, हे मला मान्यच होतं. पण चूक नसती तरी मला तेच करावं लागलं असतं, हे त्या आकड्याने सांगितलं. माझं म्हणणं खरं आहे हे कोर्टात सांगायला मला घर विकावं लागलं असतं. निकाल लागायच्या आधीच शिक्षा ठरलेली होती.

रात्री कोल्हापूरला फोन केला. आईने ऐकून घेतलं आणि तिला एकदम पालघर आठवलं. २०१२ साली फेसबुकवरच्या दोन ओळींपायी तिथल्या दोन मुलींना पोलिसांनी धरून नेलं होतं, ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. "तुला नेणार न्हाईत न्हवं?" ती विचारत राहिली. मी सांगितलं, इथे बदनामीच्या बाबतीत पोलिसांचं काही नसतं, सगळं पैशावर असतं. योगायोग असा, की ज्या कलमाखाली पालघरची अटक झाली होती, ते ६६ अ कलम सुप्रीम कोर्टाने त्याच मार्च महिन्यात रद्द केलं. पण आपल्याकडे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहेच. म्हणून तिची भीती मला वेडगळ वाटली नाही. आबा मागे खाटेवर होते. त्यांनी फोन मागितला. "हिशोब मागितलास न्हवं? मग बरोबर केलंस," ते म्हणाले. मी म्हटलं, आबा, हिशोब मागितला आणि वर चोरही म्हटलं. त्यावर ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही बघायच्या आधी म्हटलास व्हय?" त्यांच्याकडे शिक्षण चौथीपर्यंतचं, पण सॉलिसिटरबाईंनी जिथे पेन टेकवलं होतं, तिथेच त्यांनी बोट ठेवलं.

उत्तर असं दिलं : तिसरं वाक्य काढतो आणि त्याच वाक्याबद्दल माफी मागतो. पहिली दोन काढणार नाही आणि यापुढे न लिहिण्याची हमी देणार नाही. दोन महिने पत्रापत्री चालली. त्या एका हमीवर त्यांचा फार जोर होता. त्यावरून मला वाटतं, तिसऱ्या वाक्याने त्यांचा मान दुखावला असेल, पण अडचण पहिल्या दोन वाक्यांची होती. शेवटी माफी आणि त्यांच्या वकिलाच्या खर्चापोटी नऊशे पौंड, एवढ्यावर मिटलं. ते नऊशे पौंड आम्ही डिसेंबरात कोल्हापूरला जायच्या तिकिटांसाठी बाजूला ठेवले होते. त्या वर्षी आम्ही गेलो नाही. पुढच्या मार्चमध्ये आबा गेले. मी गेलो तो तेराव्याला.

याबद्दल मला इथे याहून जास्त लिहायचं नाही.

कठड्यावर त्यानंतर काय झालं ते मात्र सांगायला हवं, कारण कोर्टाच्या कागदांत ते कुठेच येत नाही. मला नोटीस आल्याचं आठवड्यात गावभर झालं. फेसबुकचं ते पान चालवणाऱ्या मुलाने पानच बंद केलं. त्याला कुणी काही पाठवलं नव्हतं. चहाच्या टपरीवर लोक हवेबद्दल बोलायला लागले. पूर्वी मध्यंतरात एक निवृत्त मास्तर मोठ्याने विचारायचे, पत्रा कधी बदलणार, संडासाला दार कधी लावणार. ते मान खाली घालून कप घेऊन जायला लागले. ज्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं ती माणसं गप्प झाली. एका तीनशे माणसांच्या मैदानाला गप्प करायला एक लिफाफा पुरला.

पुढच्या वर्षीचा ताळेबंद मी उतरवला. जून २०१५ पासून ते बघायला एक पौंडही लागत नाही. 'येणे' चौसष्ट हजारांवरून एक्केचाळीसवर आलं होतं. म्हणजे काही पैसे परत आले होते. घरी नेले होते असं म्हणता येत नव्हतं. कशासाठी दिले होते, हे मात्र कुणीच सांगितलं नाही, कारण विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

ब्लॅकपूलमध्ये उलट झालं. त्या ६७ वर्षांच्या माणसाच्या २० हजार पौंडांसाठी चाहत्यांनी झोळी फिरवली. त्यात ब्लॅकपूलचे होते, तसे दुसऱ्या क्लबांचेही. मीही दहा पौंड टाकले. रक्कम जमली. २ मे २०१५ ला हडर्सफील्डविरुद्धच्या सामन्यात लोक मैदानात उतरून मधल्या वर्तुळात बसले आणि सामना सोडून द्यावा लागला. आजोबांनी त्याला पाठिंबा दिला नाही. मैदानात उतरायचं नाही, असं त्यांचं मत. पण घरच्या सामन्यांना ते पुढे चार वर्षं गेले नाहीत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टाचा निकाल आला. क्लबचे लॅटव्हियन भागीदार वालेरी बेलोकोन यांनी दावा लावला होता. ऑयस्टन कुटुंबाने क्लबमधून अन्याय्य रीतीने पैसा काढून घेतला, असा निष्कर्ष न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी काढला आणि बेलोकोन यांचे भाग ३ कोटी १२ लाख ७० हजार पौंडांना विकत घ्यायला सांगितलं. त्या रात्री आजोबांचा फोन आला. ते आनंदात असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "मग त्या वीस हजारांचं काय?"

मी खूप विचार केला. चाहत्यांची सगळी जुनी वाक्यं त्या निकालाने खरी ठरली, असं म्हणता येत नाही. निकाल भागीदाराच्या तक्रारीवर होता, आणि त्या वाक्यांत माझ्या तिसऱ्या वाक्याचे भाऊबंदही असतील. पण विचारणं बरोबर होतं. पैसा कुठे गेला, हा प्रश्न बसगाड्या दुरुस्त करणारा माणूसही विचारत होता आणि कोट्यधीश भागीदारही विचारत होता. कोट्यधीशाला कोर्टात उभं राहता आलं, कागद मागवता आले, मालकांना पिंजऱ्यात उभं करून विचारता आलं. चाहत्याकडे फक्त फेसबुक होतं, आणि तिथे त्याने अंदाजाने लिहिलं. त्याला वही दाखवणारं कुणी असतं तर त्याने अंदाज कशाला केला असता?

फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टाने क्लबवर रिसीव्हर, म्हणजे कोर्टाचा कारभारी, नेमला. मालकांचा ताबा गेला. ९ मार्चला साउथएंडविरुद्ध घरचा सामना, आणि लोकांनी ठरवलं की त्या दिवशी परत जायचं. त्याच्या आधी स्टेडियम साफ करायला स्वयंसेवक हवे होते. आजोबांचा फोन, "घरात जुनी घासणी असली तर घेऊन ये."

मी आणि माझा मुलगा ट्रेनने गेलो. तो आता सोळा वर्षांचा होता. ब्लूमफील्ड रोड या ब्लॅकपूलच्या मैदानावरच्या खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेने पांढऱ्या पडल्या होत्या. वरचा थर पाण्याने भिजवून दहा मिनिटं ठेवायचा, मग खरवडायचा, मग साबणाच्या फडक्याने पुसायचं. तेव्हा कुठे खालचा रंग दिसायचा. आजोबांना वाकवत नव्हतं. ते काठीने जागा दाखवायचे आणि मुलगा घासायचा. एका रांगेपाशी ते थांबले. नववी खुर्ची. तिची मागची कड तुटलेली होती. "ही माझ्या बायकोची," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी २०१६ मध्ये गेल्या होत्या. मुलाने ती खुर्ची दोनदा घासली. मग शेजारची, आजोबांची. ओल्या खुर्चीवरच ते बसले आणि बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले.

सामन्याच्या दिवशी १५ हजारांहून जास्त लोक आले. आजोबांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचा कोट ठेवलेला होता, त्याच्या पलीकडे मी आणि मुलगा. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पण मला आठवतो तो पहिल्या काही मिनिटांतला एक क्षण. ब्लॅकपूलच्या एका खेळाडूचा साधा पास चुकला आणि आजोबा काठी आपटून उठले आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे ओरडले, की हा पास माझ्या नातीनेही दिला असता. आजूबाजूचे दहाजण त्यात सामील झाले. तालमीच्या कट्ट्यावर आबा उठले होते, तेव्हा त्यांचा आवाज असाच चढला होता.

सुटल्यावर आम्ही मॉर्टेन्सनच्या नावाच्या स्टँडखालून गर्दीतून हळूहळू बाहेर पडत होतो. आजोबांनी माझं मनगट धरलं होतं.

"या वर्षीचा ताळेबंद कधी येईल रे?" त्यांनी विचारलं.

"आला की आणतो छापून," मी म्हटलं. "आता पैसे पडत नाहीत."

"मोठ्या अक्षरात छाप," ते म्हणाले. "आणि टिपा पण."